इंदूर ते पुणे : अंतर किती, वेळ किती

इंदूरच्या मराठी घरांत पुण्याला जाणे-येणे वर्षभर चालूच असते. म्हणून अंतराचे आकडे एकदा नीट मांडून ठेवतो.

दोन्ही विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे. गंमत म्हणजे इंदूरहून मुंबईही हवाई मार्गाने जवळजवळ तितकीच दूर आहे. सेंधवा, धुळे, मालेगाव, मनमाड, अहिल्यानगर या रस्त्याने गेल्यास ६०० च्या आसपास किलोमीटर होतात. रेल्वे मात्र रतलाम, वडोदरा, सुरत, वसई असा मोठा वळसा घेते आणि साडेनऊशेच्या पुढे जाते. मधे सरळ लोहमार्गच नाही. मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज १८,०३६ कोटी रुपये. तो झाला की हा वळसा संपेल.

आता विमानाचा वेळ. थेट विमानाच्या तिकिटावर साधारण सव्वा तास दिसतो. विमान जागेवरून हलल्यापासून पुण्यात जागेवर उभे राहीपर्यंतचा हा वेळ. प्रत्यक्ष हवेत ते तासभर किंवा त्याहून कमीच असते. एवढ्या छोट्या प्रवासात चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो, पूर्ण वेगाने उडणे थोडेच होते. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची असल्याने त्यांची उड्डाणेही सांभाळावी लागतात.

पण घर ते घर हिशेब वेगळा. बँकेत आयुष्य गेल्यामुळे आम्हाला नुसती एक रक्कम बघून समाधान होत नाही, खाली बेरीज लागते. घरातून निघणे उड्डाणाच्या तीन तास आधी, उड्डाण सव्वा तास, सामान मिळायला अर्धा तास, लोहगावहून कोथरूड संध्याकाळच्या गर्दीत तास-सव्वा तास. म्हणजे सहा तास. रात्रीच्या बसला बारा. निम्मा वेळ वाचतो, हे खरेच.

मात्र ही बेरीज कधीपासून धरायची, ते आम्ही एकदा चुकलो. सौ.च्या मावशी कोथरूडला असत. त्या अत्यवस्थ असल्याचा फोन रात्री आठला आला. साडेनऊची बस मिळत होती. मुले म्हणाली, "बाबा, एवढ्या थंडीत बारा तास कशाला? विमान सव्वा तासाचं." थेट विमान दुसऱ्या दिवशी दुपारचे होते, तेही दीड तास उशिरा सुटले. बसने गेलो असतो तर सकाळी दहापर्यंत घरी असतो. पोहोचलो सायंकाळी सात वाजता. मावशी दुपारी गेल्या होत्या आणि मंडळी नुकतीच वैकुंठावरून परतली होती. सौ. अजूनही त्यावर काही बोलत नाही.

तेव्हा निकडीच्या वेळी उड्डाणाचा वेळ बाजूला ठेवा. फोन आल्यापासून पुढचे विमान किती तासांनी, ते आधी बघा. दहा तासांहून जास्त थांबावे लागत असेल आणि जाणाऱ्याची तब्येत साथ देत असेल, तर बस किंवा घरची गाडी आधी पोहोचवते. रात्री गाडी असेल तर दोन चालक हवेतच, बिजासन घाट झोपेत उतरण्याचा नाही.

मुंबईचे विमान घेऊन पुढे टॅक्सीने पुणे हाही मार्ग आहे. त्यात रस्त्याचे चार तास धरा. विमानांची वेळापत्रके मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून बदलतात, त्यामुळे मागच्या तिकिटावरची वेळ गृहीत धरू नये.