बिन डिरेक्टरीतली लायब्ररी

शेल स्क्रिप्टिंगच्या तासाला विद्यार्थी हटकून विचारतात, "मॅडम, याची स्टँडर्ड लायब्ररी कुठं असते?" सी आणि पायथन शिकून आलेली ही मुलं, त्यांचा प्रश्न रास्तच असतो. मी त्यांना बिन डिरेक्टरीतल्या फायलींची यादी काढायला लावते. ग्रेप, सॉर्ट, सेड, ऑक, युनिक, कट. हीच शेलची लायब्ररी. ती शेलच्या पोटात नाही, शेजारी आहे. तशी ती का आहे, हे समजायला अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये १९७१ साली काय चाललं होतं ते पाहावं लागतं.

तिथल्या पीडीपी-११ यंत्राची मेमरी २४ किलोबाइट. त्यातले १६ खुद्द युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला, उरलेल्या ८ मध्ये बाकीचे प्रोग्रॅम. अशा जागेत तिथल्या केन थॉम्पसननं युनिक्सचा पहिला शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, बसवला तो जवळजवळ सगळं बाहेर ठेवून. तारा (*) टाकला की जुळणाऱ्या फायलींची नावं शोधणारा 'ग्लॉब' हा वेगळा प्रोग्रॅम. 'इफ'सुद्धा वेगळा. 'गोटू' तर मला आजही थक्क करतो. शेल जी स्क्रिप्ट वाचत असे, तीच उघडी फाइल गोटूच्या हाती येई. तो तिच्यात हवी ती खूण शोधी, वाचनाची जागा तिथं सरकवी आणि संपून जाई. शेल पुन्हा वाचू लागला की समोर नवीच ओळ! 'एक्झिट'ही असाच बाहेरचा. तो वाचनाची जागा थेट फायलीच्या शेवटी नेऊन ठेवी. भाषेचं व्याकरणच भाषेबाहेर राहिलेलं असं दुसरं उदाहरण मी पाहिलेलं नाही.

या सुट्या प्रोग्रॅमांची लायब्ररी झाली ती पाइपमुळे. बागेतल्या रबरी नळीला जसा पुढचा तुकडा जोडतो, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत, असं बेल लॅब्जमधल्याच डग मॅकइलरॉयनं ११ ऑक्टोबर १९६४ च्या टिपणात लिहून ठेवलं होतं. युनिक्स आल्यावर त्यानं थॉम्पसनचा पिच्छा पुरवला. शेवटी थॉम्पसननं ते काम एका रात्रीत उरकलं, आणि फेब्रुवारी १९७३ च्या मॅन्युअलमध्ये पाइप छापून आला. खरी मेहनत मात्र बाकीच्या प्रोग्रॅमांत होती. सॉर्टसारख्या प्रोग्रॅमांना तोवर फायलीचं नाव लागे. नाव दिलं नाही तर पाइपमधून येणारा मजकूर वाचायचा, ही शिस्त त्यांना लावावी लागली. माझ्या लेखी शेलच्या लायब्ररीचा जन्म या शिस्तीत आहे.

१९७९ मध्ये स्टीव्हन बोर्नच्या शेलनं इफ, फॉर, व्हाइल, केस आत घेतले. नंतर वेगासाठी 'टेस्ट' आणि 'एको'ही आत आले, तरी त्यांच्या फायली बाहेर आहेतच. 'टेस्ट'चं दुसरं नाव नुसता चौकटी कंस; त्या नावाची फाइल मुलांना दाखवली की त्यांचे डोळे विस्फारतात. १९९२ च्या पॉसिक्स मानकानं तर शेल आणि ही हत्यारं एकाच खंडात बांधली.

या लायब्ररीचं बळ जगाला दिसलं १९८६ साली. मजकुरातले सर्वाधिक वेळा आलेले शब्द मोजणारा प्रोग्रॅम जॉन बेंटलीनं आपल्या सदरासाठी डोनाल्ड क्नूथकडून लिहून घेतला. क्नूथनं तो पानंच्या पानं भरून, अतिशय देखणा लिहिला. परीक्षण मॅकइलरॉयकडे होतं. त्यानं कौतुक केलं आणि तेच काम सहा आज्ञांच्या पाइपलाइनीत करून दाखवलं: टीआर, पुन्हा टीआर, सॉर्ट, युनिक, पुन्हा सॉर्ट, सेड.

जुन्या मराठी पुस्तकांचे शब्द मोजताना मी हीच पाइपलाइन वापरते, पण जशीच्या तशी नाही. तिच्या टीआरला फक्त इंग्रजी अक्षरं ठाऊक. देवनागरी तो कचरा म्हणून फेकून देतो. यूटीएफ-८ मध्ये आपलं एकेक अक्षर तीन बाइटचं असतं आणि लिनक्सवरचा टीआर एकेक बाइट पाहतो. म्हणून मी त्याच्याकडून फक्त स्पेसच्या जागी नवी ओळ करून घेते आणि विरामचिन्हं सेडकडे सोपवते. बाकीची हत्यारं देवनागरी सुखरूप पुढं नेतात, कारण यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षरांचे बाइट इतर अक्षरांच्या आत कधीच येत नाहीत. ही रचना १९९२ साली न्यू जर्सीतल्याच एका उपाहारगृहात केली ती पुन्हा थॉम्पसननंच, रॉब पाईकबरोबर.

अडतं ते 'ळ'पाशी. युनिकोडमध्ये ळ लगेच ल नंतर येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. बाइटच्या क्रमानं सॉर्ट केलं की 'काळ' हा 'काव'च्या आधी जाऊन बसतो. युनिकोडमध्ये ह च्या लगेच पुढं काश्मिरीची एक स्वरखूण आहे, मराठीत ती कधी येत नाही. मी सेडनं प्रत्येक ळ च्या जागी ती खूण घालते, सॉर्ट करते आणि पुन्हा सेडनं ळ परत आणते. तीन आज्ञांची ही फाइल मी 'मराठीक्रम' नावानं माझ्या बिन डिरेक्टरीत ठेवली आहे. शेल तिला ग्रेपसारखाच शोधतो आणि ग्रेपसारखाच चालवतो.