दुभाष्या, बहुरूपी आणि व्हिडिओ गेम

मंडळी, विषय वाचून दचकू नका. जन्मभर इतिहास शिकवलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसानं व्हिडिओ गेमवर लिहावं हे आमच्या घरातही कुणाला पटलेलं नाही. पण दिवाळीत नातवानं एक तळहाताएवढं खेळाचं यंत्र आणलं, तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलोय. आणि खरं सांगतो, यात अस्सल इतिहास आहे. सनावळ्या आहेत, अस्सल आणि नक्कल असा वाद आहे, नाव न सांगता काम करून गेलेली माणसं आहेत. मग इतिहासाच्या मास्तरानं का सोडायचं?

सुरुवात नकलेपासूनच करू. १९९०च्या दशकात आपल्या वडवणीत मुलं ज्याला ‘व्हिडिओ गेम’ म्हणत ते यंत्र मुळात जपानचं. निन्टेंडो कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी ते ‘फॅमिकॉम’ या नावानं बाजारात आणलं. आपल्यापर्यंत पोचल्या त्या त्याच्या नकला. लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी नावं खोक्यावर असायची. टीव्हीला जोडायचं, वरून ‘कॅसेट’ खुपसायची (आत टेप नव्हे, चिप असायची, पण सगळे कॅसेटच म्हणत), चाललं नाही तर काढून फुंकर मारायची. कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असं छापलेलं, आणि आत तेच मोजके खेळ नाव बदलून पुन्हा पुन्हा! आमच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या मागच्या खोलीत असं एक यंत्र होतं. तासावर पैसे. वीज गेली की उरलेल्या मिनिटांवरून भांडणं. माझ्या वर्गातली काही मुलं दुपारनंतर कुठं गडप होतात याचा शोध मला तिथंच लागला होता.

ती यंत्रं केव्हाच भंगारात गेली. खेळ मात्र जिवंत आहेत ते इम्युलेटरमुळे. इम्युलेटर म्हणजे बहुरूपी. आपल्याकडे बहुरूपी फौजदाराचा वेष करून दारात उभा राहायचा, आणि घरातली नवी सून खरंच घाबरायची. तसंच हे. नव्या यंत्रात एक प्रोग्रॅम जुन्या यंत्राचं सोंग घेतो आणि बिचाऱ्या खेळाला वाटतं, आपण आपल्या जुन्या घरीच आहोत. ही युक्ती खेळांसाठी निघालेली नाही बरं का. आयबीएमनं ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही नवी संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा जुन्या १४०१ संगणकाच्या गिऱ्हाइकांचे प्रोग्रॅम वाया जाऊ नयेत म्हणून नव्या यंत्राला जुन्याचं सोंग शिकवलं. ‘इम्युलेटर’ हा शब्द त्या काळातला, त्याच कंपनीतला.

पण सोंग घ्यायला अंगात ताकद लागते. थोडं गणित करू, कंटाळू नका. फॅमिकॉमच्या मेंदूचे ठोके सेकंदाला सुमारे १७.९ लाख. एकेका आज्ञेला साधारण तीन-चार ठोके लागतात, म्हणजे सेकंदाला पाचेक लाख आज्ञा. शिवाय चित्र काढायला आणि आवाज काढायला त्याच्याकडे वेगळी सोय, ती कामं मेंदूच्या बरोबरीनं एकाच वेळी चालायची. सोंग घेणाऱ्याला हे सगळं एकट्यानं करायचं असतं, आणि सेकंदाला साठ चित्रं काढायची असतात. एका चित्राच्या वाट्याला येतो सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्यात काम झालं नाही की खेळ अडखळतो, आवाज तडतडतो.

घरच्या संगणकावर हे कोडं लवकर सुटलं. ३ एप्रिल १९९७ रोजी ‘नेस्टिकल’ नावाचा इम्युलेटर आला, सार्डू असं टोपणनाव घेणाऱ्या माणसानं लिहिलेला, आणि तेव्हाच्या साध्या संगणकावरही तो पूर्ण वेगानं चालायचा. खरी परीक्षा हातात मावणाऱ्या यंत्रांवर होती. २००१ साली निन्टेंडोचंच ‘गेमबॉय ॲडव्हान्स’ आलं. त्याचे ठोके सेकंदाला १.६८ कोटी. आकडा मोठा वाटतो, पण वरच्या हिशेबानं भागून पाहा: फॅमिकॉमच्या एका आज्ञेमागे जेमतेम तीस-पस्तीस ठोके. एवढ्यात आज्ञा वाचायची, समजून घ्यायची, पाळायची, चित्रही काढायचं!

तरीही ते जमलं. ‘पॉकेटनेस’ हा इम्युलेटर लूपी या टोपणनावाच्या माणसानं लिहिला, पुढे फ्लब्बा या दुसऱ्या टोपणनावानं वाढवला. त्यांनी काय केलं ते मला फार आवडलं. एक तर सगळं लेखन त्या चिपच्या स्वतःच्या बोलीत, म्हणजे असेंब्लीत केलं. दुसरं म्हणजे चित्र स्वतः काढायच्या भानगडीत पडायचं नाही. दोन्ही यंत्रं चित्र छोट्या छोट्या फरशा जोडून काढतात, मग जुन्याच्या फरशा नव्याच्या हवाली करायच्या. तिसरी युक्ती तर शाळेतल्या माणसाला लगेच पटणारी. जुना खेळ आपलं काम उरकून पुढच्या चित्राची वाट पाहत नुसता घिरट्या घालत असतो, शाळेचा शिपाई तास संपायची वाट पाहत व्हरांड्यात येरझाऱ्या घालतो तसा. भोळा इम्युलेटर त्या येरझाऱ्यांचंही पाऊल न् पाऊल सोंग घेतो. यांनी ते हेरलं आणि म्हटलं, एकदम घंटा वाजण्याच्या क्षणाला जाऊ या.

आणखी एक तोड सगळेच वापरत: दर दोन-तीन चित्रांतून एकच काढायचं. खेळाचा हिशेब चालू ठेवायचा, चित्र तेवढं गाळायचं. आम्ही हजेरी रोज घ्यायचो, गोषवारा महिनाअखेरीला काढायचो, तसंच. पण डोळ्यांना ते खटकतं. मी याला सुधारणा म्हणणार नाही, ती वेळ मारून नेणं झालं.

आता दुभाष्याकडे येतो. मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला दुभाष्या म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, कारभार उर्दूतून, जमिनीचे जुने कागद उर्दूत. आमचे वडील उर्दू शाळेत शिकलेले, म्हणून पुढे कित्येक वर्षं लोक कागद घेऊन आमच्या ओट्यावर यायचे. वडील एक ओळ वाचायचे, मराठीत सांगायचे, मग दुसरी ओळ. महिन्यानं भाऊबंदकी पुन्हा पेटली की तोच माणूस, तोच कागद, आणि वडील पुन्हा पहिल्या ओळीपासून. एकदा वैतागून त्यांनी एकाला अख्ख्या कागदाचं मराठी भाषांतर वहीच्या पानावर उतरवून दिलं आणि म्हणाले, आता हे वाचत जा, माझी झोपमोड करू नकोस.

साधा इम्युलेटर म्हणजे ओट्यावरचे वडील. तीच आज्ञा हजार वेळा आली तरी हजार वेळा नव्यानं अर्थ लावणार. वहीच्या पानाला संगणकवाले ‘डायनॅमिक रिकंपायलेशन’ म्हणतात (थोडक्यात ‘डायनारेक’). आज्ञांचा एक तुकडा पहिल्यांदा समोर आला की त्याचं नव्या चिपच्या भाषेत भाषांतर करायचं, जपून ठेवायचं, आणि पुढच्या वेळी थेट तेच चालवायचं. मोठ्या संगणकांवर हे आधीपासून होतं. हातातल्या यंत्रांत त्याचा ठळक नमुना म्हणजे २००६ सालचा ‘जीपीएसपी’. एक्सोफेज या टोपणनावाच्या माणसानं सोनीच्या पीएसपी या यंत्रासाठी तो लिहिला. वर ज्या गेमबॉय ॲडव्हान्सनं फॅमिकॉमचं सोंग घेतलं, त्याचंच सोंग आता पीएसपी घेऊ लागलं!

पण यात एक गोम आहे, आणि तीही तलाठी कार्यालयात फेऱ्या मारलेल्या माणसाला चटकन कळेल. मूळ कागदाला फेरफार लागला तर? भाषांतर जुनंच राहतं, आणि त्यावर विसंबलेला माणूस गोत्यात येतो. जुन्या खेळांपैकी काही चालता चालता स्वतःच्याच आज्ञा बदलतात. म्हणून नुसतं भाषांतर करून भागत नाही, मुळावर नजर ठेवावी लागते, आणि फेरफार दिसला की ते पान फाडून नवं लिहावं लागतं. सगळी अक्कल या पहाऱ्यात आहे. पहारा सैल झाला की खेळ मध्येच कोसळतो, आणि फार कडक झाला की वाचवलेला वेळ पहाऱ्यातच जातो.

लिथुआनियाचा नोताझ हा आणखी एक कारागीर. कोरियातल्या जीपी२एक्स या २००५ सालच्या यंत्रात दोन मेंदू होते, दुसरा बहुतेक वेळा रिकामा. त्यानं सेगाच्या खेळांसाठी ‘पिकोड्राइव्ह’ इम्युलेटर घडवताना आवाजाचं काम त्या दुसऱ्या मेंदूला दिलं. घरातल्या रिकाम्या माणसाला शेंगा फोडायला बसवावं तसं. पुढे त्यानंच सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनसाठी ‘पीसीएसएक्स रिआर्म्ड’ घडवला. त्यात दुसऱ्या एका टोपणनावाच्या माणसाचा डायनारेक आणि एक्सोफेजचं चित्राचं काम आहे. आज स्वस्त फोनवर प्लेस्टेशनचे खेळ पळतात त्यामागे या मंडळींचा घाम आहे. एकमेकांना भेटलेही नसतील कदाचित.

आता तुम्ही म्हणाल, फोन इतके दणकट झाले, मग वेगाचा प्रश्न संपलाच की. संपला नाही, त्यानं रूप बदललं. पहिलं म्हणजे सगळ्यांकडे दणकट फोन नसतात. आपल्या तालुक्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात बापाचा जुना फोन पोराकडे येतो, कोपरा फुटलेला, बॅटरी दमलेली. कमी ताकदीत चालणारा प्रोग्रॅम बॅटरीही कमी खातो, हे तिथं महत्त्वाचं. दुसरं म्हणजे ॲपलनं एप्रिल २०२४ मध्ये आपल्या दुकानात जुन्या खेळांच्या इम्युलेटरना परवानगी दिली खरी, पण वहीच्या पानाची युक्ती आयफोनवर दुकानातल्या साध्या ॲपना करू देत नाहीत. म्हणजे महागड्या फोनवर पुन्हा ओट्यावरचे वडील! (खेळांच्या चोरट्या प्रती उतरवून घेणं मात्र कायद्यात बसत नाही, हे नातवाला मी सांगितलंय. इम्युलेटर लिहिणं ही वेगळी गोष्ट. सोनीनं कनेक्टिक्स कंपनीवर केलेल्या दाव्यात अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं २००० साली कनेक्टिक्सच्या बाजूनं कौल दिला होता.)

तिसरं म्हणजे, वेग हाती आल्यावर लोक अचूकपणाच्या मागे लागले. फॅमिकॉमच्या पुढच्या पिढीतल्या सुपर निन्टेंडोचे ठोके फार तर ३५.८ लाख, पण त्याची तंतोतंत नक्कल करायला ३०० कोटी ठोक्यांचा संगणक लागतो असं ‘बीस्नेस’ इम्युलेटरच्या कर्त्यानं २०११ साली लिहिलं होतं. बटण दाबल्यापासून माणूस उडी मारेपर्यंतचा उशीर हा आणखी एक छळ. त्यावर २०१८ साली ‘रेट्रोआर्च’मध्ये आलेली युक्ती वाचून मी थक्क झालो. प्रोग्रॅम खेळाची आत्ताची स्थिती जपून ठेवतो, गुपचूप एक-दोन चित्रं पुढं खेळून बघतो, ते पुढचं चित्र आपल्याला दाखवतो आणि मागे येतो. म्हणजे एका चित्राच्या वेळात दोन-तीन चित्रांचं काम. ताकद पुन्हा लागतेच.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. माझा मुलगा, म्हणजे त्या मागच्या खोलीतल्या गिऱ्हाइकांपैकी एक, नातवाचं यंत्र हातात घेऊन बसला. मारिओ सुरू केला आणि दोन मिनिटांत म्हणाला, “आप्पा, हे घाईत आहे. आपला असा नव्हता.” सगळे हसले. मी मात्र शोधत बसलो, कारण साक्षीदार खात्रीचा होता.

जपान-अमेरिकेच्या टीव्हीवर सेकंदाला साठ चित्रं, आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर पन्नास. खेळाची चाल चित्रांच्या संख्येवर बांधलेली, त्यामुळे पन्नासवर तो एक षष्ठांशानं संथ होतो. निन्टेंडोनं युरोपसाठी काढलेल्या यंत्रात मेंदूही मंद होता, १६.६ लाख ठोक्यांचा, त्यामुळे सूर खाली यायचा. पाल देशांसाठी तैवानी चिपा घालून निघालेल्या नकलांत मेंदू १७.७ लाखांचा ठेवला होता, जवळजवळ मूळचाच. म्हणून गाण्याचा सूर तोच, फक्त चाल संथ. मुलाच्या कानात तीस वर्षं बसलेलं गाणं हेच होतं. तो जे आठवत होता ते जपानचंही नव्हतं, अमेरिकेचंही नव्हतं आणि युरोपचंही नव्हतं.

तंतोतंत नकलेच्या मागे लागलेल्या बहुतेकांनी जपली ती जपानी-अमेरिकी अस्सल प्रत. आमची प्रत नकलेची, ती कोण जपणार, असं वाटून मला जरा वाईटच वाटलं. पण इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये ‘रीजन’ म्हणून एक जागा असते. तिथं तीन नावं होती: एनटीएससी, पाल आणि डेंडी. डेंडी हे रशियात १९९२ साली निघालेल्या अशाच एका नकलेचं नाव. तिथल्या मुलांनी मोठं झाल्यावर आपली नक्कल मोजून, तपासून नोंदवून ठेवली. लिटल मास्टरचं नाव त्या यादीत नाही. मी डेंडी निवडलं, आवाज वाढवला आणि यंत्र मुलाकडे दिलं. त्यानं मान हलवली. नंतर जेवायला तीनदा बोलवावं लागलं.