फाटक्या आसनांचा ठेवा

इंग्लंडच्या केंट परगण्यात सेव्हनओक्स गावाजवळ नोल नावाचा एक प्रशस्त वाडा आहे. डॉर्सेटचा सहावा अर्ल चार्ल्स सॅकव्हिल हा एके काळी त्याचा धनी होता. १६८९ ते १६९७ या काळात तो तिसऱ्या विल्यमच्या दरबारी लॉर्ड चेंबरलेन, म्हणजे राजगृहाचा मुख्य कारभारी होता. राजवाड्यातील जे सामान जुने म्हणून रद्द होई, त्यावर या अधिकाऱ्याचा हक्क असे. त्या रिवाजाने मखमली व रेशमी आच्छादनांच्या कितीतरी खुर्च्या नोलला आल्या. पुढे १६९८ साली व्हाइटहॉलच्या राजवाड्याचा बहुतेक भाग आगीत भस्मसात झाला. त्याने टाकून दिलेली आसने मात्र वाचली.

जुने लाकूड पुष्कळ ठिकाणी टिकते. त्यावरचे कापड क्वचितच टिकते. आच्छादन विरले की ते उसवून नवे चढवावयाचे, हाच सर्वत्र शिरस्ता. गादीच्या बैठकीत तळाशी विणलेल्या पट्ट्या, त्यांवर घोड्याच्या केसांचे भरण, त्यावर जाडेभरडे कापड आणि सर्वांवर शोभेचे वस्त्र असे. ही रचना एकदा उसवली की जुन्या कारागिराचे टाके आणि बैठकीचा मूळ घाट दोन्ही नाहीसे होत. १८२८ मध्ये सॅम्युएल प्रॅट याने गुंडाळीच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. त्यानंतर अनेक पुरातन आसनांच्या पोटातही स्प्रिंगा शिरल्या आणि त्यांचा मूळचा सपाट, आटोपशीर आकार फुगला.

मग फाटलेले कापड राखावे कसे? आपल्याकडील रफूगर वस्त्राच्या दडलेल्या काठातून धागा काढून छिद्रावर तसेच विणकाम उठवितो. काश्मिरी शालींचे तुकडे जोडण्यातही याच कसबाचा वाटा होता. परंतु प्रकाशाने जिरलेल्या रेशमाला असा ताण सोसत नाही. सुई टोचताच ते चिरते. म्हणून जपणूक करणारे कारागीर फाटीखाली त्याच छटेत रंगविलेले कापड सरकवितात. सुटलेले धागे जागच्या जागी बसवून वरून बारीक धाग्याने अलगद धरून ठेवतात. लाकडी चौकटीवरून कापड काढता येत नसेल, तर वाकडी सुई वापरतात. डिंकाचा मोह टाळतात, कारण तो कापड कडक करतो आणि पुढे सुटता सुटत नाही. आजचा टाका उद्या उसवता यावा, हा त्यांचा दंडक.

१९४६ साली नोल नॅशनल ट्रस्टच्या हाती आले आणि २०१७ मध्ये तेथे दुरुस्तीची कार्यशाळा प्रेक्षकांसाठी खुली झाली. तेथील खुर्च्या नव्यासारख्या दिसत नाहीत. रंग उडालेला असतो, ठिगळ जवळून दिसते. पण सतराव्या शतकातील विणकराचा धागा, रंगाऱ्याचा रंग आणि गादी भरणाराचा हात यांची साक्ष त्या फाटक्या वस्त्रातच आहे. दरबारी कागदांत राजांची नावे मिळतात. या कारागिरांची नावे बहुधा मिळत नाहीत. त्यांचा उरलेला लेख हाच. नवी मखमल चढविणाऱ्याने तो पुसण्यापूर्वी क्षणभर विचार करावा, हे उचित.