चारशे लेकरं आणि एक अनोळखी फूल

अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावाच्या मुख्य रस्त्याची एक बाजू टेनेसी राज्यात, तर दुसरी व्हर्जिनियात. १९२७ च्या उन्हाळ्यात याच रस्त्यावरच्या टोप्यांच्या एका जुन्या गोदामात व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पीरने ध्वनिमुद्रणाची यंत्रं मांडली आणि आजूबाजूच्या डोंगरांतल्या गाणाऱ्यांना बोलावलं. रोपं विकत गावोगाव हिंडणारा ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि भावजय मेबेल हे तिघे तिथे तबकडीसाठी पहिल्यांदा गायले. कंट्री संगीताचा धंदा उभा राहिला तो त्या दिवसांत. पण तोवर तोंडातोंडी चालत आलेली गाणी तबकडीवर चढली, तेव्हा कानांनी केलेल्या चुकाही त्यांच्याबरोबर चढल्या.

‘वाइल्डवुड फ्लॉवर’ हे त्याचं सगळ्यात देखणं उदाहरण. कार्टर कुटुंबाने ते १९२८ मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डनला गायलं. मेबेल अंगठ्याने जाड तारांवर गाण्याची चाल वाजवते आणि बोटांनी बारीक तारांवर ताल धरते. गिटार शिकणारी मुलं आजही या तुकड्यावर हात बसवतात. सारा त्यावर प्रियकराने फसवलेल्या मुलीचं गाऱ्हाणं गाते. ही मुलगी केसांत फुलं माळते आणि एकेका फुलाचं नाव घेते. मध्येच एके ठिकाणी ‘लीडर’ असा शब्द येतो. फुलांच्या माळेत हा पुढारी कुठून आला?

मूळ गाणं १८६० चं आणि छापील. चाल जोसेफ फिलब्रिक वेबस्टरची, शब्द मॉड आयर्विंग या नावावर. तिथे त्या जागी निळ्या डोळ्यांचं ‘ॲरोनेटस’ नावाचं फूल आहे. हे फूल नेमकं कोणतं, ते वनस्पतिशास्त्रालाही सांगता आलेलं नाही. म्हणजे मुळातच कोडं. डोंगरातल्या घरांत पुस्तक नव्हतं, आईच्या तोंडचं गाणं लेकीच्या तोंडी जायचं. कधी न पाहिलेल्या फुलाचं कधी न ऐकलेलं नाव अडुसष्ट वर्षं असं फिरत राहिलं, तर ते झिजणारच. पुढे काही गायकांनी तिथे ‘इमॅनिटा’ म्हणायला सुरुवात केली. त्याच्या अगदी जवळचं ‘अमॅनिटा’ हे नाव मात्र अळंब्यांच्या एका गटाचं, आणि त्यातल्या काही तर जीवघेण्या विषारी! सारा मात्र कुठेही न अडखळता गाते, आणि ऐकणाऱ्यालाही काही खटकत नाही. गाणं टिकायला प्रत्येक शब्द कळावाच लागतो असं नाही, हे या तीन मिनिटांत पटतं.

ए. पी. कार्टर गाणी गोळा करायला निघे, तेव्हा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक त्याच्याबरोबर असे. कार्टर शब्द उतरवून घेई आणि रिडल चाल डोक्यात साठवून आणी. या माणसाला त्याच्या वाट्याचं श्रेय फार उशिरा मिळालं, ही गोष्ट प्रत्येक वेळी सांगायलाच हवी.

शब्द बदलले ते केवळ कानांमुळे नव्हे, बोलीमुळेही. कार्टरांच्या डोंगराळ मुलखातल्या बोलीत शब्दाच्या शेवटचा ‘आ’ पुष्कळदा ‘ई’ होतो. नॅशव्हिलच्या रेडिओवर १९२७ मध्ये जॉर्ज हे या निवेदकाने याच उच्चाराचा उपयोग केला. आधीच्या कार्यक्रमात अभिजात संगीत झालं होतं. ते ग्रँड ऑपेरा, तर आमचं हे ‘ग्रँड ओल ऑप्री’, असं तो म्हणाला आणि कार्यक्रमाला तेच नाव कायमचं चिकटलं. नॉर्थ कॅरोलायनात १८६८ मध्ये खुनासाठी फाशी गेलेला टॉम डुला असाच गाण्यात ‘टॉम डूली’ झाला.

या गाण्यात ग्रेसन नावाचा एक माणूस आहे. तो टेनेसीचा जमीनदार. पळून आलेल्या डुलाने त्याच्या शेतावर काही दिवस काम केलं आणि पुढे त्याच्याच मदतीने तो पकडला गेला. १९२९ मध्ये हे गाणं तबकडीवर आणणारा फिडलवादक जी. बी. ग्रेसन याच घराण्यातला. १९५८ मध्ये किंग्स्टन ट्रिओ या गायकांच्या त्रिकुटाने ते जगभर नेलं, तोवर ही हकीकत गळून गेली होती. त्यांच्या प्रास्ताविकात बिचारा जमीनदार प्रेमाच्या त्रिकोणाचा तिसरा कोन होऊन बसला. त्या तबकडीला कंट्री विभागाचं पहिलं ग्रॅमी मिळालं.

छापील शब्द हाताशी असलेल्या काळातही कान आपलंच ऐकतात. केनी रॉजर्सचं १९७७ चं ‘लुसिल’ घ्या. टोलेडोच्या दारूच्या गुत्त्यात बसलेल्या बायकोपुढे शेतकरी नवरा उभा राहतो. पीक शेतात उभं, घरात चार उपाशी लेकरं, आणि तू अशा वेळी निघून गेलीस, असं तो तिला म्हणतो. रॉजर्सच्या घोगऱ्या आवाजात ‘हंग्री’ हा शब्द असा काही दबतो की असंख्य श्रोत्यांना तिथे ‘हंड्रेड’ ऐकू आलं. चारची चारशे लेकरं झाली! रोजर बोलिंग आणि हॅल बायनम यांनी लिहिलेला तो प्रसंग खरा दुःखाचा आहे, आणि चारशे पोरांचा बाप डोळ्यांपुढे आला की हसूही आवरत नाही. गाणं दोन्ही सोसून कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं.

केनी रॉजर्सच्या आईचं नावही लुसिलच होतं. तिला आठ मुलं, त्यातला केनी चौथा.