कुलाबा ते अलिबाग : चुंबकीय नोंदींचा वारसा

सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाची आधारसामग्री, म्हणजे निष्कर्षांच्या मुळाशी असलेली मोजमापे, नीट जपून सर्वांना उपलब्ध करून द्यावी, हे तत्त्व भारत सरकारने २०१२ च्या राष्ट्रीय धोरणात मांडले. परंतु मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत ते एकोणिसाव्या शतकापासूनच आचरणात होते.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. त्या काळी गाउस यांच्या पुढाकाराने ग्योटिंगेन येथे स्थापन झालेला चुंबकीय संघ निरनिराळ्या देशांतील वेधशाळांना ठरलेल्या वेळी निरीक्षणे घ्यायला लावून त्यांची तुलना करीत असे, आणि कुलाब्याचे काम याच जागतिक प्रयत्नाच्या ओघात उभे राहिले. प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली तेथे काम करणाऱ्यांत अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे हेही होते, जे पुढे गणितज्ञ म्हणून महाराष्ट्रभर ख्यातनाम झाले. निरीक्षक आपल्या डोळ्यांनी उपकरणांवरील आकडे वाचून वहीत उतरवीत, आणि ते आकडे सरकारी खर्चाने छापून प्रसिद्ध होत.

या छपाईचे मोल २ सप्टेंबर १८५९ च्या नोंदींवरून कळते. त्या दिवशी सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले, आणि कुलाब्यात क्षैतिज घटक, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा जमिनीला समांतर असलेला भाग, सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद झाली. एरवी मोठ्या वादळांतही ही घट काहीशे नॅनोटेस्लाच असते. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील लाखिना व अॅलेक्स यांच्यासह संशोधकांनी याच आकड्यांचा आधार घेऊन त्या वादळाची तीव्रता नव्याने तपासली. नोंद करणाऱ्याला वीजवाहिन्या आणि उपग्रह यांची कल्पनाही नव्हती, तरी आज त्यांना असलेला धोका जोखताना त्याचेच आकडे उपयोगी पडतात.

पुढे मुंबईतील ट्रामगाड्या विजेवर चालवण्याचे ठरले, तेव्हा त्या प्रवाहामुळे कुलाब्याची चुंबकीय उपकरणे निरुपयोगी होणार हे उघड झाले. त्यामुळे नानाभाई मूस यांच्या संचालकपदाच्या काळात अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारली गेली, आणि १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेतली गेली. दोन जागांच्या मूल्यांत स्थानपरत्वे किती फरक पडतो हे यामुळे कळले, आणि जुनी मालिका नवीला सांधता आली. हा ताळा घेतला नसता, तर साठाहून अधिक वर्षांच्या नोंदी पुढील नोंदींपासून तुटल्या असत्या. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील निरीक्षणे विवेचनासह १९१० मध्ये प्रसिद्ध केली.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात सर्व देशांची मोजमापे सांभाळणारी जागतिक आधारसामग्री केंद्रे निर्माण झाली. भूचुंबकत्वाचे असे केंद्र १९९१ पासून मुंबईतही आहे. मात्र कुलाबा आणि अलिबागचा इतिहास असे दाखवतो की आकडे खुले करणे ही शेवटची पायरी होय. उपकरण, जागा व वेळ यांची नोंद आणि जागा बदलताना घेतलेला ताळा यांवाचून खुले आकडेही परक्या अभ्यासकाला निरुपयोगी ठरतात. म्हणून संशोधनाला निधी देणाऱ्या शासनाने या नोंदी राखण्याचा खर्चही संशोधनाचाच भाग मानला पाहिजे.