अपॅची आणि राखीव प्रोसेसची युक्ती

१/ १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेत मोझेक ब्राउझर जन्मला आणि वेब सामान्य माणसाच्या पडद्यावर आले. त्याच संस्थेतील रॉब मॅकूल याने लिहिलेला ‘एनसीएसए एचटीटीपीडी’ हा सर्व्हरही जगभर पसरला. इतिहासात कौतुक झाले ते ब्राउझरचे. गर्दीचा भार मात्र सर्व्हरने सोसला.

२/ त्या काळची रीत साधी होती. मागणी आली की सर्व्हर ‘फोर्क’ करून स्वतःची एक प्रत, म्हणजे नवी प्रोसेस, निर्माण करी. ती प्रत पान पाठवून नाहीशी होई. पंगतीतल्या प्रत्येक पाहुण्यासाठी नवा वाढपी नेमावा आणि एक पान वाढून होताच त्याला निरोप द्यावा, तसा हा कारभार! त्यात एचटीटीपी १.० मध्ये प्रत्येक चित्रासाठी स्वतंत्र जोडणी लागे. पाच चित्रांच्या पानासाठी सहा प्रोसेस जन्मत आणि मरत. गर्दी वाढताच यंत्राची शक्ती सेवेऐवजी या जन्ममरणातच खर्ची पडे.

३/ १९९४ च्या मध्यास मॅकूलने एनसीएसए सोडले आणि सर्व्हरचे काम खोळंबले. ठिकठिकाणचे वेबमास्टर आपापल्या दुरुस्त्या करू लागले. त्यांतील आठ जणांनी फेब्रुवारी १९९५ मध्ये ईमेलवरून एकत्र येऊन जो गट बांधला, तोच अपॅची.

४/ या गटातील रॉबर्ट थाऊ याने सर्व्हरची रचनाच नव्याने मांडली. मागणीची वाट न पाहता काही प्रोसेस आधीच जन्माला घालून ठेवायच्या. काम संपले तरी त्यांना मरू द्यायचे नाही, पुढच्या मागणीसाठी राखायचे. १ डिसेंबर १९९५ रोजी अपॅची १.० प्रसिद्ध झाले आणि वर्षभराच्या आत त्याने एनसीएसएला मागे टाकले.

५/ या राखीव फौजेचे व्यवस्थापन पाहण्यासारखे आहे. अपॅची १.३ आरंभी ५ प्रोसेस उभ्या करी. रिकाम्या प्रोसेस ५ हून कमी होऊ न देणे आणि १० हून अधिक न ठेवणे, हा मूळ नियम. तुटवडा पडला की पहिल्या सेकंदाला एक, मग दोन, मग चार, अशी दुपटीने भरती होई. सेकंदाला ३२ ही कमाल. आणि एखादी प्रोसेस कोसळली, तर तिच्यापुरताच अपघात! बाकीचे काम अबाधित राही.

६/ मर्यादा मात्र कठोर होती: मूळ रचनेत एका वेळी २५६ ग्राहक. शिवाय २८.८ किलोबिटच्या मोडेमवर १०० किलोबाइटचे चित्र उतरायला जवळजवळ अर्धा मिनिट लागे आणि बहुतांश वेळ एक अख्खी प्रोसेस त्या संथ ग्राहकापाशी अडकून पडे. जोडणी उघडी ठेवण्याची सोय आली, तेव्हा काम नसतानाही ती १५ सेकंद ताटकळू लागली.

७/ एप्रिल २००२ मध्ये अपॅची २.० आले. त्यातील ‘वर्कर’ रचनेत प्रत्येक प्रोसेसच्या पोटात २५ थ्रेड असत. थ्रेड एकच स्मृती वाटून घेतात, म्हणून स्वस्त पडतात. परंतु एकाच्या चुकीने सगळी प्रोसेस बुडू शकते. पीएचपीची अनेक लायब्ररी थ्रेडसाठी सुरक्षित नव्हती, त्यामुळे असंख्य संकेतस्थळे कित्येक वर्षे जुन्या प्रोसेसच्याच रचनेला चिकटून राहिली. हा निव्वळ सनातनीपणा नव्हता, व्यवहार होता.

८/ दरम्यान १९९९ साली डॅन केगेलने प्रश्न टाकला होता: एकाच यंत्राने १०,००० ग्राहक एकाच वेळी का सांभाळू नयेत? रशियात इगोर सिसोएव्हने २००२ मध्ये त्यावर काम आरंभले आणि ऑक्टोबर २००४ मध्ये एनजिनएक्स सार्वजनिक केले. त्यात मोजक्याच प्रोसेस; प्रत्येक प्रोसेस हजारो जोडण्यांवर नजर ठेवते आणि जिथे हालचाल दिसेल तिथेच हात घालते.

९/ तरी पूल संपला नाही. डिस्कवरून फाइल वाचताना ही चपळ प्रोसेसही थबके, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या जोडण्या खोळंबत. अखेर २०१५ मध्ये एनजिनएक्सनेही तेवढ्या कामापुरता थ्रेडचा पूल स्वीकारला. त्यात मूळ नेमणूक ३२ थ्रेडची.