मेणबत्ती, पवित्र पाणी आणि खेळातले भूत

व्हिडिओ गेमचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. भुताखेतांच्या खेळांकडे मात्र दिनदर्शिकेच्या इतिहासातूनही पाहता येते; आणि ती दिनदर्शिका वसईला चांगलीच परिचित आहे.

हॅलोविन या शब्दाचा मूळ अर्थ सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या, म्हणजे ३१ ऑक्टोबर. १ नोव्हेंबर हा संतांचा दिवस नवव्या शतकात पश्चिम युरोपात रूढ झाला, इ. स. १००० च्या सुमारास क्लूनीचे मठाधिपती ओदिलो यांनी २ नोव्हेंबर मृतांच्या स्मरणासाठी नेमून दिला. पुढे या परंपरेच्या दोन वाटा झाल्या. पूर्वसंध्या आयरिश स्थलांतरितांबरोबर एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेली व मुखवट्यांचा उत्सव झाली. मृतांचा दिवस पोर्तुगीजांबरोबर वसईत आला. १५३४ च्या तहाने त्यांना मिळालेली वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. सत्ता गेली, तरी सण राहिला. किल्ल्यातील फ्रान्सिस्कन चर्चच्या भग्न वास्तूत कोरीव थडगी आजही दिसतात, आणि दर २ नोव्हेंबरला वसईतील कुटुंबे आपल्या माणसांच्या कबरी स्वच्छ करून फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. धर्मगुरू कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात.

अमेरिकेत गेलेली वाट चित्रपटांमार्गे जपानी खेळांपर्यंत पोहोचली. कॅपकॉमच्या 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स' (१९८५) या खेळाची सुरुवातच दफनभूमीत होते. एका फलाटावरून दुसऱ्यावर उड्या मारत शेवट गाठायचा, अशी या प्रकाराची रचना. येथे जमिनीतून प्रेते उठत राहतात. कितीही मारली तरी संपत नाहीत. कोनामीच्या 'कॅसलव्हेनिया'त (१९८६) ड्रॅक्युला, ममी, हाडांचे सापळे असे सारे हॅलोविन एकत्र येते. नायकाच्या हाती चाबूक असतो. तो मारून मेणबत्त्या फोडायच्या, म्हणजे आतून बक्षिसे पडतात. त्यांपैकी एक म्हणजे पवित्र पाणी. ते फेकले की आग भडकते आणि शत्रू जळतो. क्रूसही असाच मिळतो, तो भिरकावला की परत येतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडे विकल्या गेलेल्या जपानी संचांच्या नकलांमुळे, एकाच 'कॅसेट'मध्ये कोंबलेल्या अनेक खेळांमुळे, उड्या मारण्याचे हे व्याकरण मराठी घरांतील मुलांच्याही बोटांत बसले.

मेणबत्ती, पाणी, क्रूस. वस्तू त्याच, क्रियापदे मात्र उलटी: वसईत लावणे, शिंपडणे, उभारणे, खेळात फोडणे, जाळणे, भिरकावणे. अमेरिकेत धार्मिक चिन्हे नकोत म्हणून तेथील माहितीपुस्तिकेत क्रुसाला बूमरँग आणि पवित्र पाण्याला अग्निबाँब म्हटले गेले. हा फेरफार एका अर्थी प्रामाणिकच म्हणायला हवा: खेळात त्या वस्तू जे काम करत होत्या, तेच त्यांचे नाव झाले.

जपानमध्ये क्रूस शोभेची वस्तू कसा झाला, यालाही इतिहास आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारल्या गेलेल्या सव्वीस जणांपैकी एक. पुढे १६१४ च्या फर्मानाने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, ती १८७३ पर्यंत टिकली. जे चिन्ह बहुतेकांच्या घरात कधी नव्हतेच, ते परक्या भयकथेचे नेपथ्य म्हणून वापरताना हात अडखळण्याचे कारण नव्हते.

म्हणून खेळाला दोष देण्याचे कारण नाही. भूत ही कल्पना आपल्या लोककथांतही आहे, आणि भयाचा आनंद साहित्याला वर्ज्य नाही. परंतु मराठीत भूत आणि पितर हे दोन वेगळे शब्द आहेत. पितराला नाव असते, नाते असते, त्याच्यासाठी वर्षातला एक दिवस राखलेला असतो. हे नाते सुटले की उरते ते भूत: निनावी, असंख्य, केवळ वाटेत आडवे येणारे. अशा खेळाला निनावी भूतच लागते, कारण नाव असलेल्यावर चाबूक उगारणे कठीण. वसईच्या दफनभूमीत दरवर्षी दगडावरची धूळ पुसली जाते ती खालचे नाव वाचता यावे म्हणून. मृत माणसाचे भूत होऊ नये, यासाठी जिवंतांनी करायचे काम एवढेच आहे.